क्रंबची रेघ आणि दुसऱ्या रांगेतला प्रश्न

"सर, यात तुम्हाला हसू कशाचं आलं होतं?"

गेल्या पावसाळ्यात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायला गेलो होतो. विषय मीच सुचवलेला. रॉबर्ट क्रंब, अमेरिकेतला अंडरग्राउंड व्यंगचित्रकार, माझ्या तरुणपणाचा हिरो. भिंतीवर त्याचं एक पान पाडलं होतं. भक्कम मांड्यांची एक दांडगी बाई आणि तिच्या पाठुंगळी बसलेला, जाड भिंगाच्या चष्म्याचा हडकुळा माणूस. तो माणूस म्हणजे क्रंब स्वतःच. हे पान आम्ही मित्रांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून खोलीतली खाट मोडली होती, असं मी रंगवून सांगत होतो, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून हा प्रश्न आला.

विचारणारी मुलगी वहीत काहीतरी गिरवत बसली होती. आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "तो स्वतःलाच हसतोय. स्वतःला किती केविलवाणा काढलाय बघ." ती म्हणाली, "ते दिसतंय सर. तो कोण आहे ते कळतं, त्याला काय वाटतंय तेही कळतं. बाई कोण आहे?"

मी वळून भिंतीकडे बघितलं. तीस वर्षं ते पान माझ्याजवळ आहे. बाई कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

ते पान हाती आलं १९९२ च्या सुमारास. कोल्हापूरला आम्ही कलापूर म्हणतो, आणि बाबूराव पेंटर, आबालाल रहिमान ही नावं घेतल्याशिवाय इथे चित्रकलेवर बोलायला कुणी उभा राहत नाही. शिक्षण सगळं वॉटरकलरचं. रविवारी सकाळी सायकली काढायच्या आणि पंचगंगेचा घाट, नाहीतर रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस गाठायचा. ऊन चढायच्या आत उजेड-सावली पकडायची, घाटावर कपडे धुणारी बाई दोन फटकाऱ्यांत सुचवायची. फार सुंदर कामं व्हायची, आजही होतात. पण वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात जे काही चाललेलं असतं, त्यातलं त्या कागदावर काही म्हणजे काही उतरत नसे. अशात मुंबईला शिकायला गेलेला आमचा एक सीनियर दिवाळीला गावी आला आणि त्यानं पिशवीतून झेरॉक्सचा एक गठ्ठा काढला.

झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिची आम्ही पुन्हा राजारामपुरीत काढलेली झेरॉक्स. प्रत्येक वेळी रेघा एकमेकींत मिसळत गेल्या आणि पानावर नुसते काळे डाग उरले. मला वाटायचं, या माणसाला काळा रंग फार आवडतो. पुष्कळ वर्षांनी छापील पुस्तक मिळालं तेव्हा कळलं, ते डाग नव्हतेच. केसासारख्या बारीक रेघांची आडवी, उभी, तिरकी वीण होती, एकावर एक तीन-तीन, चार-चार थर. बुटाच्या एका टोकावरच्या रेघा भिंग लावून मोजायला बसलो आणि शंभराच्या पुढे नाद सोडला.

'अंडरग्राउंड'ला मराठीत भूमिगत म्हणावं तर आमच्या भागात लगेच पत्री सरकार आठवतं, उसाच्या फडात लपलेले कार्यकर्ते आठवतात. क्रंब तसा भूमिगत नव्हता. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्स छापणाऱ्यांनी सरकारच्या धाकानं स्वतःच एक नियमावली करून घेतली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही काढायचं नाही, शेवटी प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय दाखवायचा, अशी त्यातली कलमं. नियमावलीचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलत नसत. तेव्हा ज्यांना शिक्का नको होता त्यांनी वितरकाचा रस्ताच सोडला. सॅन फ्रान्सिस्कोत १९६८ च्या फेब्रुवारीत क्रंबचा 'झॅप'चा पहिला अंक आला आणि तो चक्क बाबागाडीत घालून हेट स्ट्रीटवर विकला गेला. क्रंबची तेव्हाची बायको गरोदर होती, तीही विकायला रस्त्यावर. फिलाडेल्फियात १९४३ मध्ये जन्मलेला, ग्रीटिंग कार्डाच्या कंपनीत नोकरी करून बोटं झिजवलेला हा माणूस हिप्पी लोकांत देव झाला, आणि त्याला स्वतःला मात्र हिप्पींचं संगीतसुद्धा फारसं आवडत नव्हतं. त्याच्या फ्रिट्झ नावाच्या बोक्यावर १९७२ मध्ये सिनेमा निघाला. सिनेमा त्याला आवडला नाही, म्हणून त्यानं त्याच वर्षी तो बोका कागदावर मारून टाकला. दुभती गाय कसायाला द्यावी तसं. हे ऐकून आम्ही वेडेच झालो.

पण मला त्याचं वेड लागलं ते एवढ्यानं नाही. मला तो आवडला तो स्वतःला वाईट काढण्यामुळे. कुबड काढलेला, घामेजलेला, वासनेनं लाळ गळणारा, भित्रा, चिक्कू. स्वतःची एवढी उघडी बदनामी कुणी स्वतःच्या हातानं करू शकतो, हे आमच्या गावात कुठे दिसायचं? आज तर मुळीच दिसत नाही. माझा धंदा फ्लेक्स डिझाइनचा. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, भावी नगरसेवकांचे बोर्ड करून माझं घर चालतं. "साहेबांचं पोट तेवढं जरा आत घ्या", "गाल थोडे उजळ करा", "गॉगल ठेवा, पण डोळे दिसू देत", असल्या सूचना मी दिवसभर ऐकतो आणि पाळतोही. दिवसाला पाच-सहा पोटं आत घेतो. अशा माणसानं घरी जाऊन क्रंबचं पान उघडावं यात नवल नाही.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच असं मात्र नाही. साठच्या दशकात, क्रंबच्याही आधी, मराठीत लघुअनियतकालिकं निघत होती. अशोक शहाण्यांचं 'असो', राजा ढाल्यांचं 'येरू'. सायक्लोस्टाइल करायचं नाहीतर कुठेतरी स्वस्तात छापायचं, आणि हातोहात वाटायचं. त्या मेळ्यातले अरुण कोलटकर आमच्याच कोल्हापुरात जन्मलेले, आणि पोटापाण्याला पक्के जाहिरातवाले चित्रकार. पण ही चळवळ झाली शब्दांची. चित्रांची का झाली नाही? माझा अंदाज असा की कवितेला लपायला जागा असते. न कळण्याचा एक बुरखा तिला आपोआप मिळतो. चित्राला तो नाही. निरक्षर माणसालाही ते चौकात उभं राहून वाचता येतं, आणि ज्याला वाचता येतं त्याला दुखावताही येतं.

चित्रांत आपण काय केलं, तर खिडकी केली. 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं ज्यांनी घरच्यांच्या चोरून उघडली नाहीत असा माझ्या वयाचा मराठी पुरुष विरळा. वरच्या पानाला पडलेल्या भोकातून काहीतरी भलतंच दिसायचं, धडधडत्या छातीनं झडप उघडावी तर आत अगदी सोज्वळ प्रकार निघायचा. विनोद चित्रात नसायचाच, तो बघणाऱ्याच्या मनातल्या चोरावर असायचा. ही आपली खास मराठी अक्कल, आणि तिचं मला अजूनही कौतुक आहे. त्या हिशेबानं क्रंबनं काय केलं, तर झडपच काढून टाकली. मनातला चोर सगळा बाहेर, पूर्ण पानभर.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मात्र मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. झडप असो नाहीतर नसो, भोकातून बघणारा कोण आणि पलीकडे उभी कोण, हे दोन्हीकडे ठरलेलंच आहे. क्रंब स्वतःची बदनामी करतो हे खरं. पण ती करायला त्याला दर वेळी एक बाई लागते, आणि त्या बाईला स्वतःचं काही म्हणायला तो संवादाचा फुगा देत नाही. आम्हाला हे दिसलं नाही, कारण खाटेवर बसलेले आम्ही पाचही जण मुलगे होतो.

गंमत म्हणजे क्रंबच्या काळात हे न दिसलेलं नव्हतं. ट्रिना रॉबिन्स नावाची चित्रकार त्याच शहरात, त्याच गल्ल्यांत राहत होती आणि ती हे तेव्हाच बोलत होती. पोरांनी तिला काढलं अरसिक ठरवून. "तुला विनोद कळत नाही" हे वाक्य जगातल्या सगळ्या कट्ट्यांवर बायकांना ऐकवलं जातं, तिथेही ऐकवलं. मग १९७० मध्ये तिनं आणि तिच्या सोबतिणींनी फक्त बायकांनी काढलेल्या कॉमिक्सचा एक अंक बाजारात आणला, तसा तो पहिलाच. १९७२ पासून 'विमेन्स कॉमिक्स' सुरू झालं आणि वीस वर्षं अधूनमधून निघत राहिलं. अलीन कोमिन्स्की त्याच्या पहिल्याच अंकात होती. तिची रेघ वाकडीतिकडी, क्रंबच्या शेजारी ठेवली तर बालवाडीतली वाटेल. पण तिनं स्वतःला, म्हणजे एका बाईनं एका बाईला, त्याच्याइतकंच बिनधास्त कुरूप काढलं. पुढे १९७८ मध्ये तिनं क्रंबशीच लग्न केलं आणि दोघं एकाच पानावर आपापलं पात्र आपापल्या हातानं काढायला लागले. ती पानं मला या माणसाचं सगळ्यात चांगलं काम वाटतात. पाठुंगळीच्या त्या बाईला तिथे तोंड फुटलेलं आहे, आणि ती ऐकून घेत नाही.

बायकांच्या चित्रांबाबत "तो स्वतःला हसतो" हा बचाव निदान अर्धा तरी टिकतो. काळ्या माणसांच्या चित्रांबाबत तेवढाही टिकत नाही. गवताचा घागरा घातलेली, जाड ओठांची एक आफ्रिकन बाई त्यानं पात्र म्हणून वापरली. गोऱ्यांच्या मनातली घाण दाखवण्यासाठी ती काढली, असं त्याचं म्हणणं. मी बरीच वर्षं हे म्हणणं वकिलासारखं लोकांना ऐकवत होतो. मग वाचनात आलं की १९९३ मध्ये वंशद्वेषाची खिल्ली म्हणून त्यानं काढलेली चित्रकथा गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणाऱ्या एका पत्रकानं, त्याला न विचारता, जशीच्या तशी छापली. एक रेघही बदलायची त्यांना गरज पडली नाही. उपरोध हा चित्रात नसतो, तो चित्रकार आणि त्याच्या ओळखीच्या वाचकांच्या मधल्या समजुतीत असतो. कागद त्या वर्तुळाबाहेर गेला की समजूत मागे राहते आणि चित्र तेवढं पुढे जातं. व्हॉट्सॲपच्या जमान्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. आमच्याच गावात ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. माझ्या दुकानाचं शटर त्या दिवशी दुपारीसुद्धा खालीच होतं.

इथे मला माझी जुनी चूक सांगितली पाहिजे. २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला, तो अनेकांना आठवत असेल. व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ सालचं चित्र. संविधान नावाच्या गोगलगायीवर हातात आसूड घेऊन बाबासाहेब बसलेत, मागे नेहरू, त्यांच्याही हातात आसूड. मी तेव्हा ताडताड बोलायचो. नेहरूंनीच शंकरना मलाही सोडू नकोस म्हणून सांगितलं होतं, दोघेही गोगलगाय हाकताहेत, एवढं साधं कळत नाही का लोकांना, वगैरे. माझ्याबरोबर शिकलेल्या एका दलित मित्रानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुला आसूड चित्रातला दिसतोय. आमच्या आज्ज्याच्या पाठीवर होता तो." मी त्याच्यावरही वाद घातला. त्यानं पुढं काही बोलायचं सोडून दिलं, आणि मी समजलो की मी जिंकलो.

आज माझं मत काय? त्या वेळी पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, ते हलकटपणाचंच काम होतं. चित्र पुस्तकातून काढायची घोषणा घाईनं झाली, तीही चूक. पण मित्राच्या वाक्याला उत्तर द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं आणि आजही नाही. पुस्तकात त्या चित्राशेजारी ते एक वाक्य छापता आलं असतं. अकरावीच्या पोरांना दोन्ही वाचून वर्गात भांडता आलं असतं. तेवढा धीर कुणाला नव्हता. काढणाऱ्यांना नव्हता, आणि ठेवा म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनाही नव्हता.

आणि बरोबर हेच मी पुन्हा बघितलं, त्या व्याख्यानानंतर. चहा घेताना संयोजकांपैकी एक जण मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, झालं ते छानच झालं. पण ते पान तेवढं पुढच्या वेळी नको. मुलींची तक्रार आली." मी म्हटलं, तक्रार कुठं, तिनं प्रश्न विचारला. ते हसले. "तेच ओ, एकच." ती मुलगी जवळच उभी होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मी काढा म्हटलं नव्हतं सर. मी विचारलं."

या प्रकरणातलं दुखणं मला इथे दिसतं. आपल्या संस्थांना प्रश्न म्हणजे तक्रार वाटते, तक्रार म्हणजे भानगड, आणि भानगडीवर उपाय एकच, ती वस्तू नजरेआड करणं. यात क्रंबच्या चाहत्यांचंही फावतं. चित्र काढून टाकलं की आम्हाला लगेच अभिव्यक्तीचे हुतात्मे होता येतं, आणि दुसऱ्या रांगेतल्या प्रश्नाला उत्तर देण्यातून सुटका होते. बंदी मागणारा आणि बंदीविरुद्ध ओरडणारा, दोघं मिळून त्या मुलीचं बोलणं बुडवतात.

म्हणून मी बंदीच्या विरुद्ध आहे, आणि तो केवळ तत्त्वाचा भाग नाही. बंदीचा फटका कुणाला बसतो तेही बघायला हवं. 'झॅप'च्या चौथ्या अंकावर न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा दोषी ठरले ते पुस्तकाच्या दुकानात काम करणारे. क्रंब त्या पिंजऱ्यात नव्हता. आपल्याकडे असीम त्रिवेदीला २०१२ मध्ये व्यंगचित्रांसाठी मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली. सरकारवरच्या टीकेला असा राजद्रोह लावता येत नाही, हे सांगणारा उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च २०१५ उजाडला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १६ फेब्रुवारीला सकाळी, कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. चारच दिवसांनी पानसरे अण्णा गेले. त्यानंतर या गावात कागदावर काही उमटवणारा प्रत्येक जण, अगदी माझ्यासारखा फ्लेक्सवालासुद्धा, एकदा आजूबाजूला बघून घेतो. इथे चित्रं काढून टाका म्हणणाऱ्या हातात आणखी एक काठी द्यायला मी तयार नाही, मग ती कितीही चांगल्या हेतूनं मागितलेली असो.

पण मग नुसतं "ठेवा" म्हणूनही भागत नाही. ज्याचं चित्र निघालं त्याच्या हातात कागद नसेल तर "तूही काढ की" हे म्हणणं म्हणजे टिंगलच. ट्रिना रॉबिन्सना कागद मिळवावा लागला. आपल्याकडे तर हे पन्नास वर्षं आधीच घडलं होतं, आणि आमच्या गावाचा त्यात हात होता. १९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. महाराजांना दुसऱ्यांची पत्रं बंद पाडायला सांगता आलं असतं, करवीर संस्थानात त्यांचाच शब्द चालत होता. त्यांनी नव्या पत्राला पैसे दिले. दर वर्षी दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या किती संस्थांनी एखाद्या पोराच्या अंगावर येणाऱ्या अंकाला अडीच हजार दिलेत? आजचे अडीच हजार म्हणतोय मी, तेव्हाचे नाहीत.

क्रंबवर माझं प्रेम गेलं का? नाही. ते पान मी फाडलं नाही, फाडणारही नाही. ती वीण बघितली की आजही बोटं शिवशिवतात. तरुणपणीचा हिरो म्हणजे काही भाड्याचं घर नाही, नोटीस दिली आणि सोडलं. पण व्याख्यान आता मी बदललंय. त्या पानाच्या आधी अलीनचं पान दाखवतो, नंतर क्रंबचं, आणि मग माझं बोलणं थांबवतो. दोन ठिकाणी केलं. एका ठिकाणी मुलगे काहीच बोलले नाहीत. दुसरीकडे इतका गोंधळ झाला की शिपाई डोकावून गेला.

त्या मुलीनं आणि तिच्या मित्र-मैत्रिणींनी दरम्यान सोळा पानांचा एक अंक काढला. हातानं काढलेला, झेरॉक्सवर छापलेला, मध्ये दोन पिना. झेरॉक्सवाल्यानं पानं चाळली आणि एका पानापाशी थांबला. मिरवणुकीतल्या साउंड सिस्टीमच्या भिंतीपुढे गणपती दोन्ही सुपाएवढे कान हातांनी दाबून बसलाय, असं चित्र होतं. "ताई, एवढं पान तेवढं राहू दे. बाकीचं आत्ता काढून देतो बघा. आमचं तालमीशेजारी दुकान हाय." वादावादी न करता तिनं पंधरा पानं तिथे काढून घेतली आणि सोळावं तीन गल्ल्या पलीकडे काढलं. त्यामुळे त्या एका पानाचा कागद जरा पिवळट आहे.

वीस रुपयांना अंक. मी दोन घेतले. नवव्या पानावर मी आहे. हातात रिमोट, भिंतीवर बाई, आणि शर्टाच्या बटणांमधून बाहेर डोकावणारं पोट, त्यावर आडव्या, उभ्या, तिरक्या रेघांची वीण, निदान तीन थर. मी बोलत होतो तेव्हा ती वहीत काय गिरवत होती ते मला तेव्हा कळलं. रेघ चांगली आहे. पोट जरा जास्तच काढलंय.

हसू यायला मला दोन दिवस लागले.